संकेतांक नाही, तर बिल नाही

मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी एक ठरलेला मजकूर असतो. हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध केला आहे, त्याचा संकेतांक अमुक आहे आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केला आहे. एखाद्या कार्यालयातल्या हंगामी पदांना मुदतवाढ द्यायची असो की कुठल्याशा समितीवर सदस्य नेमायचे असोत, तो लांबलचक आकडा कागदावर पडतो आणि कागद लोकांसमोर येतो. म्हणजे कागद जनतेपुढे कसा ठेवायचा हे या सरकारला उत्तम कळतं. त्यासाठी लागणारी यंत्रणा, माणसं आणि सवय सगळं आहे. पण ज्या कागदाच्या आधारे आपला पैसा तिजोरीतून निघून कंत्राटदाराच्या खात्यात जमा होतो, त्या करारनाम्याला हा संकेतांक लागत नाही.

माझी मागणी एका वाक्यात सांगतो. राज्य सरकार, महापालिका, जिल्हा परिषद, महामंडळ किंवा प्राधिकरण यांपैकी कोणीही केलेला करार पूर्ण मजकुरासह आणि सर्व परिशिष्टांसह प्रसिद्ध होईपर्यंत अमलात येऊ नये, आणि त्यापोटी एक रुपयाचंही बिल निघू नये.

हे बोललं की अधिकाऱ्यांचं उत्तर तयार असतं. ‘सगळं महाटेंडर्सवर आहे, बघून घ्या.’ राज्याचं हे ई-निविदा संकेतस्थळ मी बघितलं आहे. तिथे निविदेची सूचना असते, शुद्धिपत्रकं असतात, तांत्रिक लिफाफा कधी उघडला, आर्थिक लिफाफा कधी उघडला, सर्वांत कमी दर कोणाचा आला हे असतं. मग पुढचं सगळं कार्यालयाच्या कपाटात जातं. करारनामा, कार्यादेश, मुदतवाढीचे आदेश, एक्स्ट्रा आयटमच्या मंजुऱ्या, भाववाढीचा हिशेब, मोजमाप पुस्तिका, दंड लावला की माफ केला याची टिपणी यांतलं काहीही सामान्य माणसाला घरबसल्या दिसत नाही.

आणि चोरी नेमकी इथेच होते. बांधकाम खात्यात आयुष्य काढलेल्या कोणालाही विचारा. अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस-तीस टक्के कमी दराने निविदा भरणारा ठेकेदार त्या दरात काम होणार नाही हे जाणतो, आणि दर स्वीकारणारा अभियंताही ते जाणतो. तरी काम दिलं जातं, कारण पुढचा रस्ता दोघांनाही पाठ असतो. खोदकामात अचानक कठीण खडक ‘सापडतो’, भरावाचं अंतर वाढतं, मूळ अंदाजपत्रकात नसलेल्या बाबी एक्स्ट्रा आयटम म्हणून घुसतात. पावसाळा, भूसंपादन, विजेचे खांब अशी कारणं दाखवून मुदत वाढते आणि वाढीव मुदतीबरोबर भाववाढही मिळते. जो दर निविदेत सर्वांसमोर कमी दिसला, तो बंद फाइलमध्ये भरून निघतो. एरवी मापात मारलं जातं आणि रस्ता पहिल्याच पावसात उखडतो. निविदा उघड आणि करार बंद ठेवणं म्हणजे चोराला कोणत्या दाराने यायचं ते सांगून ठेवणं आहे.

हा माझा संशय नाही, याला महाराष्ट्राचा इतिहास साक्षी आहे. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ साली अवघ्या सात महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. चौपट. सुधारित प्रशासकीय मान्यता नावाच्या कागदांनी ही वाढ केली. ज्या शेतकऱ्याच्या शेतात या प्रकल्पांचं पाणी यायचं होतं त्याला त्यातला एकही कागद त्या वेळी वाचता आला नाही. विजय पांढरे नावाच्या मुख्य अभियंत्याने २०१२ मध्ये पत्र लिहिलं तेव्हा खळबळ उडाली. मग श्वेतपत्रिका आली, माधवराव चितळे यांची समिती नेमली गेली. पैसा निघून गेल्यावर काही वर्षांनी हे सगळं झालं. त्या मान्यता ज्या दिवशी झाल्या त्याच दिवशी संकेतस्थळावर चढल्या असत्या, तर नागपूर-अमरावतीतला एखादा निवृत्त उपअभियंता, एखादा तालुका वार्ताहर, एखादा विरोधी पक्षाचा आमदार आठवडाभरात प्रश्न विचारता झाला असता. दुसऱ्या महिन्यात प्रश्न आले असते तर सातव्या महिन्यापर्यंत ही मजल गेली असती का?

शहरांची अवस्था आणखी वाईट आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. जानेवारी २०२३ मध्ये जवळपास ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सुमारे ६,००० कोटींची कामं पाच कंत्राटदारांना देण्यात आली. त्यातलं दक्षिण मुंबईचं कंत्राट काम रखडल्यामुळे त्याच वर्षाच्या अखेरीस रद्द करावं लागलं. स्थायी समितीत पक्षांचे नगरसेवक बसतात तेव्हा निदान भांडणापोटी तरी चार कागद बाहेर येतात. प्रशासकाच्या काळात तेवढंही उरलं नाही. लोकप्रतिनिधी नसलेल्या काळात करार प्रसिद्ध करण्याचं बंधन दुप्पट कडक हवं होतं. प्रत्यक्षात एका खुर्चीच्या सहीने हजारो कोटींची कामं दिली गेली आणि मुंबईकराला खोदलेला रस्ता तेवढा दिसला.

माझ्या घराजवळच्या एका रस्त्याचा करार मीही मागितला होता. उत्तर आलं की माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित आहे, त्रयस्थ पक्षाने हरकत घेतली आहे, आणि दर हे व्यापारी गुपित असल्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(घ) खाली देता येत नाहीत. हे उत्तर वाचून मला जो संताप आला तो आजही ओसरलेला नाही, कारण उत्तर देणारा अभियंता होता आणि आपण खोटं लिहितो आहोत हे त्याला ठाऊक होतं. आपल्याकडच्या बांधकामाच्या कित्येक निविदा बी-वन नमुन्यातल्या असतात. प्रत्येक बाबीचा दर सरकारी दरसूचीतून येतो आणि ती दरसूची सार्वजनिक आहे. त्यावरून तयार झालेलं अंदाजपत्रक निविदेबरोबरच जोडलेलं असतं. ठेकेदार फक्त एक टक्केवारी भरतो, इतके टक्के कमी किंवा इतके टक्के जास्त. तो आकडाही लिफाफा उघडताना सगळ्या स्पर्धकांना दिसतो. मग गुपित कोणतं? ज्याच्यापासून धंदा राखायचा तो स्पर्धक आकडा जाणतो, आणि ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याच्यापासून मात्र तो लपवायचा, याला व्यापारी गोपनीयता म्हणणं हा निर्लज्जपणा आहे. निविदा प्रक्रिया संपून करार झाला की ती कागदपत्रं दडवता येत नाहीत, असं झारखंड उच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगितलं आहे. कलम ११ त्रयस्थ पक्षाला आपलं म्हणणं मांडायची संधी देतं, नकाराधिकार देत नाही. पण हे शाबीत करायला नागरिकाने प्रथम अपील करायचं, मग राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करायचं, आणि त्या आयोगाकडे लाखाहून अधिक प्रकरणं तुंबून राहिल्याचं आपण गेली काही वर्षं वाचतो आहोत. तिथून आदेश येईपर्यंत रस्त्याचा दोषदायित्व कालावधीही संपलेला असतो.

माहिती अधिकार कायद्यात मागण्याआधीच माहिती देण्याचं कलम आहेच की, असं म्हणणाऱ्यांनी ते कलम नीट वाचावं. कलम ४ प्रत्येक कार्यालयाला स्वतःहून माहिती प्रसिद्ध करायला सांगतं. केंद्राच्या कार्मिक विभागाने १५ एप्रिल २०१३ च्या सूचनांत खरेदीचा स्पष्ट उल्लेख केला. पुरवठादाराचं नाव, दर, एकूण रक्कम प्रसिद्ध करा, आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांचे तर करारही लोकांसमोर ठेवा, असं त्यात म्हटलं आहे. सूचना चांगल्या आहेत, पण केंद्राच्या कार्यालयांपुरत्या आहेत आणि पाळल्या नाहीत तर काहीच होत नाही. अर्जाला उत्तर न देणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. कलम ४ कोळून प्यायलेल्या कार्यालयाला कायद्यात दंडच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये माहिती आयोगांना कलम ४ च्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला सांगितलं. कायदा होऊन तेव्हा अठरा वर्षं लोटली होती. ज्या नियमाच्या भंगाने कोणाचंच काही बिघडत नाही तो नियम अधिकाऱ्यांनी पाळावा ही अपेक्षा मी सोडून दिली आहे, आणि वाचकांनीही सोडावी.

म्हणून मला स्लोव्हाकियाचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. जेमतेम ५४ लाख लोकवस्तीचा, लोकसंख्येने आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान देश. तिथे २००७ मध्ये बांधकाम मंत्रालयाने युरोपीय निधीतल्या एका मोठ्या कामाची निविदा काढली आणि तिची सूचना मंत्रालयाच्या आतल्या फलकावर लावली, जिथे बाहेरचा माणूस सहसा पोचतच नाही. प्रकरण फुटलं, २००९ मध्ये मंत्र्याचं पद गेलं. २०१० च्या निवडणुकीनंतर इवेता रादिचोवा यांचं सरकार आलं आणि १ जानेवारी २०११ पासून नवा कायदा लागू झाला. सार्वजनिक संस्थेचा करार प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून अमलात येतो. तीन महिन्यांत प्रसिद्ध झाला नाही तर तो झालाच नव्हता असं धरलं जातं. शेजारच्या चेक प्रजासत्ताकाने २०१५ मध्ये असाच कायदा केला, २०१६ मध्ये करारांची नोंदवही सुरू केली आणि २०१७ च्या जुलैपासून नोंद न झालेला करार निष्प्रभ ठरवला.

या नियमाची खरी ताकद कशात आहे ते आपल्याकडच्या टेबलांवर आणून पाहा. आज करार लपून राहण्यात अधिकारी आणि ठेकेदार दोघांचंही हित आहे. प्रसिद्धीवाचून पैसा मिळणार नाही असं ठरलं की ठेकेदाराचं हित एका रात्रीत फिरतं. बिलासाठी लेखा विभागाच्या खेपा घालणारा ठेकेदारच ‘साहेब, आधी करार चढवा’ म्हणून अभियंत्याच्या मागे लागेल. कोणा आयोगाची, कोणा दक्षता पथकाची, कोणा कार्यकर्त्याच्या उपोषणाची गरज त्यासाठी पडत नाही. स्लोव्हाकियातला भ्रष्टाचार या कायद्याने संपला असं मी म्हणत नाही. भ्रष्टाचाराची प्रकरणं खणणाऱ्या यान कुसियाक या तरुण पत्रकाराचा तिथे २०१८ मध्ये खून झाला. पण करार वाचायला मिळावा म्हणून तिथल्या नागरिकाला कोणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

आपल्याकडे उभं राहावं लागतं, आणि त्याची किंमत जीव देऊन मोजावी लागते. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० च्या सकाळी भर रस्त्यात खून झाला. जमिनींच्या व्यवहारांचे कागद त्यांनी माहिती अधिकारातून बाहेर काढले होते. कागद एकट्या माणसाच्या पिशवीत असतो तेव्हा त्या माणसाला संपवलं की कागद संपतो, असा हिशेब गुंड करतात. तोच कागद सगळ्यांच्या फोनवर उघडत असेल तर मारायचं कोणाला?

हाच मुद्दा मी त्या लोकांपुढेही ठेवतो, जे सभागृहात उठून माहिती अधिकाराचे कार्यकर्ते ब्लॅकमेल करतात असा गळा काढतात. असे काही लोक आहेत, हे मला मान्य आहे. कागद मागायचा, ठेकेदाराला दाखवायचा आणि पाकीट घेऊन गप्प बसायचं, हा धंदा छोट्या शहरांत चालतो. पण हा धंदा चालतो कशावर? कागद दुर्मीळ आहे यावर. करार, बिलं आणि मोजमापं उघड्यावर ठेवा, ब्लॅकमेलरकडे विकायला काही उरणार नाही. खंडणीखोरांची खरी चीड असलेल्या आमदाराने करार प्रसिद्धीच्या कायद्याचं विधेयक स्वतः मांडायला हवं. अर्ज करणाऱ्यांवर निर्बंध घाला म्हणणारे पुष्कळ भेटतात, हे विधेयक मांडणारा अजून भेटायचा आहे.

टोलचं उदाहरण तर प्रत्येक मराठी माणसाच्या खिशातलं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या टोलवसुलीचे हक्क २००४ मध्ये पंधरा वर्षांसाठी देताना रस्ते विकास महामंडळाने ९१८ कोटी रुपये एकरकमी घेतले. पुण्यातल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून आकडे बाहेर काढले, महिन्यामहिन्याची वसुली मांडली, वाहनांची गणती तपासली, आणि तेव्हा कुठे राज्यात टोलवर शहाणपणाची चर्चा सुरू झाली. २०१५ मध्ये सरकारने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एसटीला सूट दिली, त्यामागे या कागदांचा रेटा होता. कोल्हापुरात उलट क्रम घडला. शहरातल्या पन्नासेक किलोमीटर रस्त्यांचा प्रकल्प २००८ च्या सुमारास ठरला. त्यातल्या अटींचा अर्थ शहराला कळला तो नाके उभे राहिल्यावर. प्रा. एन. डी. पाटील म्हातारपणी रस्त्यावर उतरले, मोर्चे निघाले, जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. अखेर सरकारने टोल रद्द केला आणि कंपनीला चारशे कोटींहून अधिक रक्कम द्यायचं ठरलं. ती रक्कम गडचिरोलीच्या आणि जतच्या करदात्याचीही होती. सहीच्या आधी महिनाभर तो करार मराठीत महापालिकेच्या दारावर आणि संकेतस्थळावर राहिला असता, तर कोल्हापूरकरांनी काय ते तेव्हाच सुनावलं असतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या बीओटी प्रकल्पांसाठी केंद्राने जो नमुना करार केला, त्यात एक कलम आहे. कराराची आणि देखभालीच्या कागदपत्रांची प्रत टोलनाक्यावर कामकाजाच्या दिवशी कोणालाही फुकट पाहता आली पाहिजे, तशी सूचना नाक्यावर ठळक लावली पाहिजे, आणि झेरॉक्सच्या खर्चात प्रत दिली पाहिजे. पुढच्या वेळी अशा नाक्यावर गाडी बाजूला घेऊन ती प्रत मागा. मी मागितली आहे. केबिनमधल्या पोराला असं काही असतं हेच माहीत नव्हतं, आणि त्याच्या व्यवस्थापकाला मी कोण हे जाणून घेण्यातच रस होता. करारात लिहिलेलं कलम मोडूनही टोल चालूच राहतो, कारण ते मोडल्याचा परिणाम कोणी ठरवलेला नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि मार्चमध्ये देणगीदारांच्या याद्या देशासमोर आल्या. कोणी किती दिले हे कळलं. त्यांना कोणती कंत्राटं मिळाली हे जोडून पाहायला पत्रकारांना जुन्या बातम्या आणि कंपन्यांचे अहवाल चाळत बसावं लागलं. सगळे करार एका ठिकाणी असते तर दोन याद्या शेजारी ठेवायला एक संध्याकाळ पुरली असती. राज्यकर्ते हा कायदा का करत नाहीत याचं उत्तर मला तिथे मिळतं. सगळ्या पक्षांचं मिळतं. संसदेत २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदी विधेयक मांडलं गेलं, लोकसभा विसर्जित झाली आणि ते बुडालं. त्यानंतर सत्ता बदलली, पण ते विधेयक कोणाला आठवलं नाही. तमिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये, राजस्थानने २०१२ मध्ये खरेदीतल्या पारदर्शकतेचे कायदे केले. ज्या महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने केंद्राच्या आधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, तो या बाबतीत शासन निर्णय आणि परिपत्रकांवर भागवतो. परिपत्रक एका दुपारी निघतं आणि दुसऱ्या दुपारी बदलतं.

संरक्षण, पोलिसांची शस्त्रं, एखाद्या लसीचं खरोखरीचं सूत्र, अशा गोष्टी झाकाव्यात, त्याला माझी ना नाही. पण झाकलेल्या प्रत्येक ओळीशेजारी कारण लिहा आणि सही करणाऱ्याचं नाव लिहा. कामाचा व्याप वाढेल ही सबब तर ऐकूनही घेऊ नये, कारण करार आजकाल संगणकावरच टंकले जातात. मात्र तिरके, अर्धवट, काळपट स्कॅन चढवून काम उरकू नये. शब्दाने शोधता येईल असा मजकूर हवा, कंत्राटदाराच्या नावावर बोट ठेवलं की त्याची राज्यभरातली सगळी कामं दिसावीत, आणि मूळ कराराखाली प्रत्येक मुदतवाढ, प्रत्येक एक्स्ट्रा आयटम, प्रत्येक चुकतं केलेलं बिल तारखेसह जोडलेलं असावं. सरकारकडे निधीवाटपाची बीम्स प्रणाली आहे. तिच्यात करार संकेतांकाचा एक रकाना वाढवा आणि तो रिकामा असेल तर रक्कम पुढे सरकू देऊ नका. महापालिकांच्या लेखा विभागांनाही तेच लागू करा.

वाचकांना माझं सांगणं एवढंच आहे. तुमच्या दारासमोर रस्ता, गटार, शाळेची खोली, पाण्याची टाकी, काहीही बांधलं जात असेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्या. निविदेची जाहिरात मागू नका. करारनामा मागा, एक्स्ट्रा आयटमच्या मंजुऱ्या मागा, मोजमाप पुस्तिकेची पानं मागा, आजवर दिलेली सगळी बिलं मागा. त्रयस्थ पक्षाचं कारण देऊन नकार आला तर तो नकार घेऊन आपल्या आमदाराकडे जा आणि येत्या अधिवेशनात करार प्रसिद्धीचा कायदा मांडणार की नाही, हे त्याच्याकडून लेखी घ्या.